आतल्या भिंतीवरचं शिक्षण



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना व्यासपीठावरच्या स्तुतीचा कंटाळा होता, असं आयोजकांनी मला आधीच बजावलं आहे. म्हणून थेट विषयावर येतो. विषय आहे बांधकामाच्या धंद्यातलं शिक्षण: कोण शिकतं, कुठे शिकतं आणि शिकून कुठवर जातं.

आपल्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. त्या जागी सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी होती. ती सुरुंग लावून उतरवली, उलवे नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठवली. देशात एवढं मोठं मातीकाम क्वचित होतं आणि ते आपल्या दारात झालं. माझा प्रश्न साधा आहे. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, वाघिवली या गावांतल्या किती मुलांनी या कामात काही शिकून घेतलं? डंपर किती जणांनी पुरवले, हे मी विचारत नाही. लेव्हल मशीन लावणं, क्रेनचा भार मोजणं, काँक्रीटच्या ठोकळ्याचा २८ दिवसांचा निकाल वाचणं, यातलं काय आलं, एवढंच विचारतो.

इथे थोडं मागे जायला हवं. १९६५च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. हे शिरीष पटेल म्हणजे केम्प्स कॉर्नरचा, देशातला पहिला उड्डाणपूल रचणारे अभियंते. ते शहर उभारायला १७ मार्च १९७०ला सिडको स्थापन झाली. ९५ गावांची जमीन, ३४४ चौरस किलोमीटर. पुढे जानेवारी १९८४मध्ये याच जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाट्याला आंदोलन झालं, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के भूखंडाची योजना त्या रक्तातून आली. या सभागृहात त्या लढ्यातल्या घरांतली माणसं बसलेली आहेत, त्यांना मी इतिहास शिकवायला नको.

पण लढा जमिनीचा होता आणि मोबदलाही जमिनीचाच मिळाला. सिडकोने प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना विद्यावेतन दिलं, काही प्रशिक्षणंही चालवली, हे नाकारत नाही. तरी बांधकामात शिरायची आपल्या मुलांची वाट ठरून गेली ती एकच: रेती, खडी, विटा, पाणी, मजूर यांचा पुरवठा. ज्याच्या हाती भूखंडाचे पैसे आले त्याने जेसीबी घेतला, मग पोकलेन. आज उलव्यापासून तळोज्यापर्यंत कुठल्याही साइटवर जाऊन बघा. पोकलेनचा मालक इथला आणि ऑपरेटर झारखंडचा. त्या झारखंडच्या पोराला नावं ठेवू नका. तो शिकला. उद्या हे काम संपलं की तो दुसऱ्या शहरात त्याच पगारावर, किंबहुना वाढीव पगारावर उभा राहील. मालकाच्या दारात मात्र हप्ते न फिटलेलं मशीन उभं राहील.

आता शिकणं म्हणजे काय, ते सांगतो. मी पदविकेच्या वर्गाला शिकवण्यात आयुष्य घालवलं, पण धंदा खरा कळला तो साइटवर.

गवंडीकामात मुलगा येतो तो बिगारी म्हणून. घमेलं उचलायचं, माल कालवायचा, विटा भिजवायच्या. वीट किती भिजली हे बोटाने कळायला काही महिने जातात. कोरडी राहिली तर सिमेंटचं पाणी पिते, अती भिजली तर मालावर घसरते. मग केव्हातरी मिस्तरी त्याच्या हातात थापी देतो, पण कोपरा देत नाही. भिंतीचे दोन कोपरे मिस्तरी स्वतः उचलतो. ओळंबा, गुण्या, सगळा हिशोब कोपऱ्यात असतो. दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताणली की मधल्या विटा शिकाऊ मुलाने भरायच्या. दोरीला वीट लागू द्यायची नाही आणि दोरीपासून लांबही जाऊ द्यायची नाही. आणि ही मधली भरतीही आधी कुठे मिळते? बाहेरच्या दर्शनी भिंतीवर नाही. आतल्या भिंतीवर, न्हाणीघराच्या नाहीतर कोठीच्या, जिथे रेषा अर्धा सूत इकडेतिकडे गेली तरी गिलाव्याखाली झाकली जाते. ज्या दिवशी मिस्तरी म्हणतो, ‘आज कोपरा तू घे’, त्या दिवशी तो मुलगा मिस्तरी होतो. प्रमाणपत्र नाही, पदवीदान नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मजुरी वाढते.

या शाळेचं मला भाबडं कौतुक नाही. या शाळेत बाईला कधी कोपरा मिळाला नाही. वडार, बंजारा समाजाच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या साइटवर आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या घमेलंच उचलताहेत. शिकवणं मिस्तरीच्या मर्जीवर, जातीवर, गाववाला असण्यावर अवलंबून. चुकीचंही तितक्याच निष्ठेने शिकवलं जायचं. काँक्रीट ओतायला सोपं जावं म्हणून त्यात पाणी वाढवायचं, हे मी ज्यांच्या हाताखाली काम पाहिलं त्या उत्तम मिस्तऱ्यांनाही चुकीचं वाटत नव्हतं. ताकद घटते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण एक गोष्ट खरी: शिकायला जागा होती आणि वेळ होता. इमारत सावकाश उभी राहायची, आणि त्या सावकाशीत माणसं घडायची. कोणी त्यासाठी वेगळा पैसा मोजत नव्हतं, म्हणून कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

ती सावकाशी गेली. आधी रोजंदारी जाऊन फुटाच्या दराने काम आलं. प्लास्टर इतके रुपये फूट, टाइल इतके रुपये फूट. दिवसाला जितके फूट तितके पैसे, मग शिकाऊ पोराला थापी देऊन मिस्तरी स्वतःचे फूट का घालवेल? पाठोपाठ अ‍ॅल्युमिनियमचे साचे आले, ज्याला आपण सगळे ‘मायवान’ म्हणतो. ते मुळात मलेशियातल्या एका कंपनीचं नाव. भिंत आणि स्लॅब एकदमच ओततात. विटेची आतली भिंतच उरली नाही, गिलावाही उरला नाही. त्याच्या पुढची पायरी प्रीकास्टची. २०२२मध्ये बामणडोंगरीला सिडको आणि एल अँड टी यांनी ९६ घरांची १२ मजली इमारत ९६ दिवसांत उभी केली. भिंती, स्लॅब, जिने कारखान्यासारख्या आवारात ओतायचे, ट्रेलरने आणायचे, क्रेनने बसवायचे, सांधे भरायचे. अभियंता म्हणून मला ते काम आवडलं, लपवत नाही. शिक्षक म्हणून मात्र प्रश्न पडला. या ९६ दिवसांत नवशिका पोरगा चुकणार कधी? आणि चुकल्याशिवाय शिकणार कसा?

नव्या पद्धतीत कामगार कमी लागतात, हे निम्मंच खरं. वेगळे लागतात. टॉवर क्रेनचा ऑपरेटर, त्याला खालून खुणा करणारा सिग्नलमन, भार बांधणारा रिगर, साच्यांचे नंबर लावणारा फोरमन, सांध्यात ग्राऊट भरणारा, तयार काँक्रीटच्या आरएमसी प्लांटवर स्लम्प तपासून गाडी परत पाठवायची हिंमत असलेला लॅब टेक्निशियन, संगणकावर नळ-वायर-बीम एकमेकांना कुठे धडकतात ते आधीच दाखवणारा बिम मॉडेलर. यातला एकही बिगारीपणातून आपोआप घडत नाही. याला मुद्दाम शिकवावं लागतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: पूर्वी शिक्षण कामातून फुकट मिळत होतं, काम वेगवान झालं तेव्हा ते बंद पडलं, आणि त्याचा खर्च कोणी करायचा हे आपण अजून ठरवलेलं नाही.

‘संस्था आहेत ना!’ असं कोणी म्हणेल. आहेत. पण संस्थांची एक खोड आहे आणि ती जुनी आहे. जुलै १८५४मध्ये पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झालं. कोणासाठी? सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या दुय्यम नोकरांसाठी. रस्ते, पूल, कालवे यांवर उभं राहून देखरेख करणाऱ्या माणसांसाठी. तिथलं अभियांत्रिकी शिक्षण सुरू झालं ते साहेब घडवायला नव्हे, ओव्हरसियर घडवायला. बारा-पंधरा वर्षांत तो वर्ग मुंबई विद्यापीठाला जोडला गेला आणि पदवीकडे वळला. १८८३मध्ये विश्वेश्वरय्या तिथून बाहेर पडले. आज ते स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. अभिमान वाटावा असाच प्रवास, पण खालचा मजला रिकामा करून वर चढलेला. १९८३मध्ये बांधकाम उद्योगाने स्वतः काढलेली निकमार ही संस्थाही आज विद्यापीठ आहे. आपल्याकडे ऐरोली ते नवीन पनवेल या पट्ट्यात अभियांत्रिकी आणि वास्तुकलेची महाविद्यालयं कमी नाहीत. प्रत्येक संस्थेला एक मजला वर जायचं असतं. पॉलिटेक्निकला कॉलेज व्हायचं असतं, कॉलेजला विद्यापीठ. सिव्हिलच्या जागा कमी करून संगणकाच्या वाढवायच्या असतात. मधल्या माणसाचा वर्ग चालवणं कोणालाच शोभत नाही.

आणि साइट चालते ती मधल्याच माणसावर. अभियंता नकाशा देतो, मिस्तरी हात देतो. सळईखाली कव्हर ब्लॉक बसले का, स्लॅब भरल्यावर पाणी किती दिवस मारलं, परांचीचे सांधे घट्ट आहेत का, हे बघणारा माणूस या दोघांच्या मधला. तो आज बहुतेक ठिकाणी एक तर नुकता पास झालेला घाबरलेला पोरगा असतो, जो फोटो काढून ग्रुपवर टाकतो, नाहीतर ठेकेदाराचा मेहुणा.

हा मधला माणूस कायद्याने ओळखलेला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, जी आपल्या महापालिकांच्या हद्दीत लागू आहे, बांधकाम पर्यवेक्षकाच्या परवान्याची तरतूद आहे. सिव्हिलची पदविका, किंवा आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल आणि ठरलेला अनुभव, एवढ्यावर लहान भूखंडांवरच्या लहान इमारतींसाठी तो परवाना मिळू शकतो. गावठाणात आणि साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर याच मापाची कामं चालतात. म्हणजे करावे, दिवाळे, शहाबाज, कामोठे या गावांतल्या मुलाला गाव न सोडता करण्यासारखा हा प्रतिष्ठेचा पेशा आहे. दहावीच्या निकालानंतर कुठल्या शाळेत कोणी हे सांगितलेलं मी ऐकलं नाही.

सुरक्षा अधिकाऱ्याचंही तसंच. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यात ५०० किंवा जास्त कामगारांच्या कामावर सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता, नव्या कामगार संहितेत तो आकडा २५०वर आला आहे. तंत्रशिक्षण मंडळाची औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका एक वर्षाची. नवी मुंबईत २५०च्या वरच्या साइट मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल.

मधल्या माणसाला शिकवता येतं का? येतं, आणि आपण ते केलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. मराठवाड्यातली जाड दगडमातीची घरं पडली, ती नुसत्या हादऱ्याने नव्हे, तर भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते म्हणून. पुनर्वसनाच्या कार्यक्रमात गवंड्यांना नव्याने शिकवलं गेलं: भिंतीच्या जाडीतून आरपार जाणारे दगड कसे आणि कुठे घालायचे, कोपरे कसे गुंतवायचे, घराभोवती पट्टा कसा बांधायचा. आणि गावागावांत बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं, ज्या घरमालकाला समजावायच्या आणि काम नीट होतंय का तेही बघायच्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं ते मोठं काम. तोवर बांधकामात बाईला घमेल्यापलीकडची जागा मिळालेली मी पाहिली नव्हती. ती मिळायला भूकंप व्हावा लागला.

दुसरं उदाहरण पाबळच्या विज्ञान आश्रमाचं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये पुणे जिल्ह्यातल्या त्या गावात शाळा सुटलेल्या मुलांना हाताने काम करत शिकवायला सुरुवात केली. मुलं वेल्डिंग करायची, फेरोसिमेंटच्या टाक्या बांधायची, आणि त्यातून गणित-विज्ञान शिकायची. तिथे मूल चुकलं तर चालतं. आतली भिंत मुद्दाम बांधून ठेवावी लागते, ती अशी.

आपल्या जवळ म्हणाल, तर एल अँड टीची बांधकाम कौशल्याची प्रशिक्षण केंद्रं १९९५पासून आहेत आणि त्यांतलं एक पनवेलला आहे. शटरिंगची सुतारकी, सळई वाकवणं, गवंडीकाम, परांची. शिक्षण मोफत, राहायची सोय, वर विद्यावेतन. पनवेल-उरणला सरकारी आयटीआय आहेत. पण कोळी-आगरी घरातून मुलगा शटरिंग शिकायला जातो, असं म्हटलं तर घरचे विचारतात, ‘आमच्या जमिनीवर आम्हीच मजूर व्हायचं का?’ प्रश्नातली जखम खरी आहे, तिच्यावर तत्त्वज्ञान सांगण्याचा मला अधिकार नाही. एवढंच सांगतो: २०२४च्या सुरुवातीला इस्रायलसाठी आपल्या देशातून बांधकाम कामगार निवडले गेले, तेव्हा मागितलेली कामं चारच होती. शटरिंग, सळई, प्लास्टर आणि टाइल. पदवीची अट नव्हती, हाताची चाचणी होती, आणि महिन्याचा पगार सव्वा लाखाच्या वर. युद्धाच्या तोंडावर माणसं पाठवावीत का, यावर माझं मत निराळं आहे, ते आज बाजूला ठेवतो. पण तिथे गेलेल्यांपैकी काहींना काम जमेना, अशाही बातम्या आल्या. चाचणी उत्तीर्ण होणं आणि कोपरा उचलता येणं, यांत फरक असतोच.

इथे सरकारी योजनांबद्दल एक कटू गोष्ट बोलतो. नाक्यावरच्या मिस्तरीला तीन-चार दिवस वर्गात बसवून, हेल्मेट आणि प्रमाणपत्र देऊन परत पाठवायचं, याला आपण कौशल्यविकास म्हणतो. त्याला जे येत होतं तेवढंच कागदावर आलं. त्यालाही किंमत आहे, पण ते शिक्षण नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचा अनुभव याहून बरा. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून त्याचा पैसा येतो आणि नोंदणी झालेल्या कामगाराच्या मुलाला अभियांत्रिकी पदवीसाठी वर्षाला ६०,००० रुपये मिळू शकतात. अडतं ते नोंदणीपाशी. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. तुर्भे किंवा कळंबोलीच्या नाक्यावर उभा राहणारा माणूस ९० दिवसांत किती मालकांकडे जातो? सही कोणाची आणायची?

तर पैसा कोणी मोजायचा? माझं उत्तर आहे, जो काम देतो त्याने, आणि निविदेत लिहून. खोदकाम अमुक ब्रास, काँक्रीट अमुक घनमीटर, तसंच प्रशिक्षण अमुक माणसं, अमुक महिने, अमुक दर. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१पासून आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायलाच हवेत, आणि कंत्राटी माणसंही त्यात धरायची असतात. पण साइटवरची २०० माणसं आठ उपठेकेदारांच्या वह्यांत वाटलेली असतात आणि प्रत्येक वहीत तिसाच्या आतच भरतात. निविदेत बाब म्हणून आलं की ही वाटणी निरर्थक होते, कारण तेव्हा शिकाऊ न घेणं म्हणजे ठेकेदाराचं बिल कमी होणं. सिडको हा या भागातला सर्वांत मोठा काम देणारा. मेट्रोचे पुढचे टप्पे, विमानतळाभोवतीच्या नैना भागाचे रस्ते, हजारो घरं अजून बांधायची आहेत. एकूण खर्चात या बाबीचा भार किरकोळ असेल. त्यातल्या काही जागा प्रकल्पग्रस्त गावांतल्या मुलामुलींसाठी ठेवल्या, तर त्या मागणीला १९८४च्या लढ्याचंच बळ आहे असं मी मानतो. सभा संपल्यावर ज्यांना हे निवेदन लिहायचं आहे त्यांनी थांबावं, मसुदा करायला मी बसतो.

शेवटी पालकांसाठी थोडं, कारण चिठ्ठ्या बहुतेक त्याच आल्या आहेत. दहावीनंतर आयटीआयचा सर्व्हेअर किंवा ड्राफ्ट्समन सिव्हिल, नाहीतर तीन वर्षांची पदविका. आयटीआयवरून पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेवरून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. त्यामुळे खालून सुरुवात केली म्हणून दार बंद होत नाही. मुलगी असेल तर गुणवत्ता-तपासणीची लॅब, सर्व्हे आणि बिम या तिन्हीकडे तिला आज मागणी आहे. साइटवर स्वच्छतागृह आहे का, हा प्रश्न तिने मुलाखतीतच विचारावा. पहिल्या पगारावर जाऊ नका. आजही चांगला टाइल मिस्तरी नव्या सुपरवायझरपेक्षा जास्त कमावतो. फरक पाच वर्षांनी दिसतो, तोही सुपरवायझर साइटवर शिकत राहिला तर.

आणि प्रवेश घ्यायला जाल तेव्हा इमारतीची काच, वातानुकूलित वर्ग बघू नका. सर्व्हेची उपकरणं किती आणि किती मुलांमागे एक, हे विचारा. ठोकळे फोडायचं मशीन चालू आहे का, ते चालवून दाखवायला सांगा. मुलांना कुठल्या साइटवर, किती आठवडे पाठवता आणि तिथे त्यांच्या वहीवर सही कोण करतं, हे विचारा. उत्तर द्यायला प्राचार्यांना फाईल शोधावी लागली, तर नमस्कार करून पुढच्या संस्थेत जा.